मुळशीला मिळालेला अर्धा होकार

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

९ जुलै २०२४ रोजी मुंबईत सह्याद्री अतिथिगृहावर मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर सर्वपक्षीय बैठक भरली. सर्वपक्षीय म्हणायची एवढंच, कारण महाविकास आघाडीचे नेते तिला गेलेच नाहीत. सरकारने आंदोलकांशी काय बोलणी केली, कोणाला कोणता शब्द दिला, हे आम्हाला आधी कळू द्या, असं त्यांचं म्हणणं. सत्ताधारी म्हणाले, आधी विरोधकांनी आपली भूमिका स्पष्ट करावी. मराठ्यांना ओबीसींमधून आरक्षण द्यायचं की नाही, ते एकदा सांगून टाकावं. त्यानंतर कित्येक दिवस दोन्हीकडून हाच चेंडू टोलवला गेला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला शेवटी कोणाचीच भूमिका समजली नाही.

विरोधकांच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात फाइल, त्याने आधी बोलावं हा न्याय आहे. ‘भूमिका स्पष्ट करा’ ही मागणी पुष्कळदा भूमिका समजून घेण्यासाठी नसतेच. समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी त्याची निम्मी मतं जावीत, एवढाच तिचा हेतू असतो. जुने मुरलेले विरोधी नेते म्हणायचे, राज्य चालवणं सरकारचं काम, आमचं काम प्रश्न विचारण्याचं. उत्तरं आम्हीच द्यायची तर सरकार कशाला हवं? या म्हणण्याला हसून चालणार नाही.

पण यात एक हिशेब राहून जातो. विरोधी पक्षाने अवघड प्रश्नावर गुळमुळीत बोललं तर त्याची किंमत कोण देतं? पक्ष देतो का? फार क्वचित. मग कोण देतं, हे बघायचं असेल तर शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवावी लागते. ती माझ्या गावावरून जाणाऱ्या रस्त्यावरची आहे.

पुण्याचा चांदणी चौक ओलांडला की बावधन, मग आमचं भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी. आता भूगावात इमारती, मंगल कार्यालयं आणि रविवारी सहलीला निघालेल्या मोटारींची रांग आहे. मोटारींतली मंडळी जे निळं पाणी बघायला जातात, त्याच्या तळाशी भाताची खाचरं आहेत. मुळा आणि निळा या नद्यांचं ते खोरं. मुळशीचा आंबेमोहोर पुण्याच्या बाजारात नावाजलेला होता. पहिलं महायुद्ध संपता संपता टाटांच्या वीज कंपनीने या खोऱ्यात धरण बांधायचं ठरवलं. पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं या योजनेच्या आड येत होती. मुंबई सरकारने भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीच्या दिमतीला दिला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशीच्या मावळ्यांनी कामावर जाऊन ठाण मांडलं. सुमारे बाराशे माणसं होती, त्यांत बायाही होत्या. काम थांबलं. जीव देऊ पण जमीन देणार नाही, अशी त्यांची भाषा होती. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून मुळशीचं नाव अभ्यासक घेतात. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली आहेत.

आता विरोधी पक्षाचं बघू. त्या वेळी विधिमंडळात काँग्रेस नव्हती, कारण १९२० च्या निवडणुकीवर तिने बहिष्कार घातला होता. पण सरकारविरुद्धचा पक्ष कोणता, असं मुळशीच्या एखाद्या कुळाला विचारलं असतं तर त्याने टिळकांचं किंवा गांधींचं नाव घेतलं असतं. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले होते. पुण्यात त्यांच्या पक्षाची धुरा ‘केसरी’चे संपादक नरसिंह चिंतामण केळकर यांच्याकडे होती. मुळशीच्या लढ्यात आरंभी ही पुण्याची मंडळी होती. विनायकराव भुस्कुटे होते, पारनेरचे पांडुरंग महादेव बापट होते, ज्यांना याच लढ्याने ‘सेनापती’ केलं. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे उतारवयात या सत्याग्रहापायी सहा महिने तुरुंगात गेले. तेव्हा पुणे हात झटकून बसलं होतं, असं कोणी म्हणू नये.

अडचण दुसरीच होती. समोर नुसता इंग्रज असता तर प्रश्न सोपा होता. समोर टाटा होते. टाटांचं नाव म्हणजे स्वदेशी. १९०७ साली त्यांच्या पोलाद कंपनीचे समभाग विकायला निघाले तेव्हा हिंदी माणसांनी ते देशकार्य म्हणून घेतले होते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत लढत असताना सर रतन टाटांनी त्यांच्या लढ्याला सव्वा लाख रुपये दिले होते, आणि ते त्या काळचे सव्वा लाख. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली होती. कोळशाऐवजी पाण्याची वीज, परदेशी भांडवलाऐवजी देशी भांडवल. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाने याला विरोध कसा करायचा? शिवाय वेळ बघा. ३१ मार्च आणि १ एप्रिल १९२१ ला बेझवाड्यात काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचा ठराव केला, मुदत ३० जून. त्यातला मोठा वाटा मुंबईच्या व्यापारी आणि गिरणीवाल्यांकडूनच येणार होता आणि तसा आला. मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला तो नेमका या तीन महिन्यांत.

गांधीजींनी एप्रिलमध्येच ‘यंग इंडिया’त मुळशीवर लिहिलं. सत्याग्रहींबद्दल आपुलकी होती आणि टाटांना विनंती होती की, कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलून मार्ग काढावा. चांगलं लिहिलं होतं. पण विनंती ही भूमिका नसते. अखिल भारतीय काँग्रेसने हा लढा आपला म्हणून कधी हाती घेतला नाही, आणि आपला नाही असंही सांगितलं नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक होती आणि ती पुण्याच्या घरातलीच होती. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. त्यांतले बरेच सावकार पुण्यात राहत. खाचरात राबणारा मावळा कूळ होता, मालक नव्हता. कायद्याने मोबदला मिळणार तो दप्तरात ज्याचं नाव त्याला. त्यामुळे ‘जमीन देणार नाही’ आणि ‘जमिनीला चांगला भाव द्या’ या दोन मागण्या एकाच सभेत, एकाच व्यासपीठावरून ऐकू येत होत्या. सावकाराला दुसरी पुरे होती. कुळाला तिच्यात काहीच मिळायचं नव्हतं.

सत्याग्रहानंतर काही महिने काम थांबलं. मला वाटतं, सगळ्या कथेतला मोक्याचा काळ हाच. आपण धरणाविरुद्ध आहोत की मोबदल्याबद्दल, आणि मोबदला असेल तर तो कोणाला, हे पुढाऱ्यांना तेव्हा ठरवता आलं असतं. ठरलं नाही. डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला, पण या वेळी सरकार तयारीत होतं. धरपकड झाली, बापट, भुस्कुटे आणि कित्येक मावळे तुरुंगात गेले, बायाही गेल्या. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना अटक होऊन ते येरवड्यात आले. मुळशीपासून एका दिवसाच्या पायवाटेवर, पण तुरुंगाच्या भिंतीआड. १ जानेवारी १९२३ ला स्वराज्य पक्ष निघाला, केळकर त्या वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले, आणि पुण्याच्या राजकारणाचं लक्ष कौन्सिलांकडे वळलं. सावकारांनी एकेक करून मोबदला घेतला. लढा मागे घेतला, असं मुळशीला कोणी येऊन सांगितलं नाही. येणारी माणसं कमी होत गेली.

बापट मात्र राहिले. अहिंसा हे त्यांचं अंतिम तत्त्व कधीच नव्हतं. आपल्या मार्गाला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मूठभर साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, हत्यार चालवलं, माणसं जखमी झाली. सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली धरणाची वीज सुरू झाली. बापट सुटले ते १९३१ मध्ये.

आता कोणी म्हणेल, काँग्रेसने ठणकावून विरोध केला असता तरी धरण झालंच असतं. बहुधा झालं असतं. माझा मुद्दा धरण थांबलं असतं हा नाहीच. समजा, जून १९२१ मध्ये काँग्रेसने साफ सांगितलं असतं की, वीज देशाला हवी आहे, धरणाला आमचा विरोध नाही. पण जमिनीला जमीन मिळाल्याशिवाय एकही घर उठू देणार नाही, आणि मोबदल्यात कुळाचा वाटा पहिला. मावळे चिडले असते. सावकारही चिडले असते. पण मुळशीच्या माणसाला आपण कशासाठी लढतो आहोत आणि आपल्यामागे कोण किती अंतर येणार आहे, हे कळलं असतं. काम थांबलेलं असताना, म्हणजे हातात काहीतरी असताना, तो सौदा करू शकला असता. त्याला मिळाला अर्धा होकार. अर्ध्या होकारावर गरीब माणूस पूर्ण भरवसा ठेवतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. मुळशीला पंचावन्न वर्षं उलटून गेली होती.

याच्या शेजारी बार्डोली ठेवून बघावी. १९२८ साली वल्लभभाई पटेलांनी तिथे एकच गोष्ट सांगितली: वाढीव शेतसारा भरायचा नाही, चौकशी होईपर्यंत नाही. फेब्रुवारीत सुरू झालेला लढा ऑगस्टमध्ये मिटला, चौकशी झाली, आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास खाली आली. बार्डोली सोपी होती, कारण समोर फक्त सरकार होतं. मुळशी अवघड होती. पक्षाची परीक्षा मात्र मुळशीतच होती.

या विचाराला छेद देणारं एक उदाहरणही आपल्याकडे आहे, आणि त्यातही सेनापती बापट आहेत. १८ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत विधानसभेवर जो मोर्चा गेला, त्याच्या अग्रभागी पंचाहत्तरीचे बापट होते. पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात एस. एम. जोशींचे प्रजासमाजवादी, डांग्यांचे कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे पक्ष एकत्र आले. अत्र्यांची लेखणी आणि जीभ सोबतीला होती. ही माणसं एरवी एका पंक्तीला बसली नसती. जमीन, उद्योग, परराष्ट्र धोरण, कशावरच त्यांचं एकमत नव्हतं. पण त्यांनी ते लपवलं नाही. मुंबईसह महाराष्ट्र एवढ्या एका मागणीवर आम्ही एक आहोत, बाकी ज्याचं त्याच्यापाशी, हे उघड होतं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मतं दिली आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं.

म्हणजे सगळ्याच प्रश्नांवर बोललं पाहिजे असं नाही. कशावर बोलणार नाही हे आधी सांगितलं की मतदार फसत नाही. पण त्याचीही किंमत असते, आणि ती इथे पक्षांनी मोजली. राज्य मिळाल्यावर पुढे काय, याचं समितीकडे एकत्रित उत्तर नव्हतं. ती विस्कटली. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या.

आणखी एका प्रसंगाबद्दल बोलायला हवं. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो, म्हणून तो मला जास्त जवळचा. १८ एप्रिल १९६६ ला चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले. तोंडी तलाक बंद करा, एवढी मागणी. सात बायका! इतका लहान मोर्चा आणि इतका अवघड प्रश्न महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. दलवाई समाजवाद्यांमध्ये वाढलेले. व्यक्ती म्हणून कितीतरी समाजवादी त्यांच्यामागे उभे राहिले, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं तेव्हा मदतीला आले. पण पक्ष म्हणून? काँग्रेसला मतांची काळजी होती हे समजू शकतं. जे विरोधात बसले होते, ज्यांच्याकडे गमावण्यासारखी सत्ता नव्हती, तेही ‘समाजातूनच सुधारणा झाली पाहिजे’ या वाक्याच्या आड गेले. समाजातून सुधारणा मागायला त्या सात जणी आल्याच होत्या की!

दलवाई १९७७ साली गेले. १९८५ मध्ये शाहबानो निकाल लागला, मंडळाने तलाक मुक्ती मोर्चा काढला, १९८६ मध्ये सरकारने कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला. ज्यांना हा प्रश्न मुसलमान स्त्रीचा म्हणून कधी बोचला नव्हता, त्यांना तो मुसलमानांविरुद्धचं हत्यार म्हणून आयताच सापडला. मोकळी जागा कोणीतरी व्यापतंच. मुळशीतही मोकळ्या जागेत शेवटी हत्यारच आलं होतं, फक्त ते बापटांच्या हातात होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. ३० जुलै २०१९ ला राज्यसभेत त्यावरचा कायदा ९९ विरुद्ध ८४ मतांनी संमत झाला. त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सरकारच्या बाजूने त्या सभागृहात हुकमी बहुमत नव्हतं. काही पक्षांनी सभात्याग केला, विरोधी बाकांवरचे काही खासदार आलेच नाहीत, आणि म्हणून आकडा जुळला. तलाक जावा पण नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, असं विचारणाऱ्या कितीतरी बायका आमच्या घरांत आहेत. तलाक बंद झालाच पाहिजे आणि ही कैदेची तरतूद आम्हाला मान्य नाही, अशी दोन वाक्यं एका दमात उच्चारणं अशक्य नव्हतं. काही सदस्यांनी भाषणात ती उच्चारलीही. पण मतदानाच्या वेळी जे उठून गेले, त्यांचं म्हणणं होकार की नकार, हे त्या बायकांनी कुठे वाचायचं?

आमच्या मुळशीत गेल्या काही वर्षांत पुन्हा जमिनीचे नकाशे निघाले आहेत. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिमेकडचा भाग मावळ, मुळशी, हवेली आणि भोर तालुक्यांतून आखला आहे. कोणाची जमीन जाते, कोणाची रस्त्याला लागून उरते आणि सोन्याच्या भावाची होते. प्रचाराला येणारा सत्तेतला असो की विरोधातला, आम्ही शेतकऱ्यांच्या बाजूने आहोत असं सांगून जातो. कोणत्या शेतकऱ्याच्या, हे त्याला गाडीत बसायच्या आत विचारून घ्यायला हवं. ज्याची जमीन जाणार त्याच्या, ज्याची उरणार त्याच्या, की जो दुसऱ्याच्या जमिनीत राबतो आणि ज्याचं नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही, त्याच्या?